सावकाश स्पर्श: आठ ध्वनिमुद्रणांच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

कामाला आज सुरुवात. मराठीत आठ छोटी ध्वनिमुद्रणं करायची आहेत, बहुतेक १० ते १५ मिनिटांची. ऐकणाऱ्याने शरीराकडे लक्ष न्यायचं आणि रोजच्या साध्या संवेदनांतलं सुख पुरतं घ्यायला शिकायचं: हातावरून वाहणारं कोमट पाणी, पांघरुणाची ऊब, केसांतून फिरणारी बोटं, लांब श्वास सोडल्यावर पोटात येणारा सैलपणा.

ताण घालवणारी, झोप आणणारी मुद्रणं भरपूर आहेत. सुखासाठी म्हणून केलेलं मला हवं तसं सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप. गटात चार वर्षं शरीरभान शिकवताना एक गोष्ट सारखी दिसली. दुखरा खांदा सैल करायला सांगितलं की सगळे मन लावून करतात. "आता जिथे बरं वाटतंय तिथे थोडा वेळ थांबा" म्हटलं की दोन-तीन श्वासांत डोळे उघडतात, कुणी बसल्या जागी चुळबुळ करतं. दुखण्यापाशी थांबायची आपल्याला सवय आहे. बरं वाटतंय तिथून आपण लगेच उठतो. मला या उठण्यावर काम करायचंय.

सहा जण ऐकून बघायला तयार आहेत: माझी धाकटी बहीण, मावशी, गटातलं एक जोडपं आणि आणखी दोघे. नवऱ्यालाही अधूनमधून धरणार आहे.

८ जानेवारी

तीन दिवस नुसतं वाचन आणि जुन्या वह्या चाळणं. पायांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत जायची पद्धत आज जगभर जी पोचली आहे, ती बरीचशी जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमामुळे. त्यात हा सराव साधारण ४५ मिनिटांचा असतो. तिथे येणारे बरेचसे लोक जुनाट दुखणी घेऊन येत. शवासन आणि योगनिद्रेतही लक्ष असंच अंगभर फिरवतात. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची पद्धत वेगळी: स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा, आणि त्या दोन अवस्थांतला फरक ओळखायला शिकायचं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती सतिपट्ठान सुत्त या पाली बौद्ध ग्रंथातली वेदनेची विभागणी. तिथे 'वेदना' म्हणजे दुखणं नव्हे, कोणतीही जाणीव. तिचे तीन प्रकार: सुख, दुःख आणि अदुःख-असुख. हा तिसरा प्रकार मी वहीत दोनदा अधोरेखित केला. दिवसातला बहुतेक वेळ आपलं अंग या तिसऱ्या खोलीत असतं. पाठीला टेकलेली खुर्ची, मनगटावरची बाही, नाकपुडीतली हवा. सुखाचा शोध तिथून सुरू करायचा, असं ठरवलं.

१२ जानेवारी

पहिला मसुदा फसला. मी लिहिलं होतं, "आता तुमच्या पावलांत एक सुखद ऊब पसरते आहे." बहिणीने दुसऱ्या मिनिटालाच हेडफोन काढला.

"ताई, माझे पाय गार आहेत. तू ऊब म्हणालीस आणि मी तिथेच अडकले. पुढचं काही ऐकूच आलं नाही."

तिचं बरोबर आहे. मी तिच्या पायांबद्दल तिला सांगत होते, आणि तेही चुकीचं. पण चूक याहून खोल आहे. पाय खरोखर उबदार असते तरी 'सुखद' हा शब्द ऐकल्यावर ती तपासायला लागली असती: आहे का सुखद? किती? एवढंच? आणि तपासायला लागलं की आपण पायांतून उठून परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

या अडचणीवरचा सगळ्यात विचारपूर्वक केलेला इलाज मला लैंगिक उपचारांच्या क्षेत्रात मिळाला. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडलं, की कित्येकांची अडचण शरीरात नसते; ते स्वतःच्याच अनुभवाचे प्रेक्षक होऊन बसलेले असतात. जमतंय का, पुरेसं होतंय का, हा हिशोब आत चालू असतो. त्यांनी जोडप्यांना दिलेल्या सरावात सुरुवातीला समागमाला सरळ मनाई होती. फक्त आळीपाळीने स्पर्श करायचा. पुढे इतर उपचारकांनी हा सराव आणखी नेमका केला: लक्ष ठेवायचं ते तीन गोष्टींवर, उष्ण-गार, दाब आणि पोत. सुख मिळालंच पाहिजे अशी अट काढून टाकायची. लक्ष इकडेतिकडे गेलं की या तिन्हींपैकी एकावर परत आणायचं.

म्हणजे संपूर्ण मसुद्यातून 'सुखद', 'छान', 'आनंददायी', 'प्रसन्न' हे शब्द बाहेर. एकही ठेवायचा नाही. सुखाच्या मुद्रणात सुख हा शब्द नसेल. बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मी परत ऐकेन."

१४ जानेवारी

दिवसभर शब्दांतच होते, आणि फार बरं वाटलं.

मी आधी 'अनुभवा', 'अनुभूती घ्या' असं लिहित होते. मोठ्याने वाचलं तर प्रवचन वाटतं. मग लक्षात आलं, आपण बोलताना सगळ्याच इंद्रियांना 'बघणं' जोडतो. हात लावून बघ. चाखून बघ. वास घेऊन बघ. ऐकून बघ. या 'बघ'मध्ये डोळ्यांचा संबंध जवळजवळ नाही. त्यात 'करून तर बघ, नाही जमलं तरी हरकत नाही' अशी मोकळीक आहे. मार्गदर्शनाला नेमका हाच सूर हवा होता, आणि तो क्रियापदात आयता होता.

दुसरी सापडलेली गोष्ट 'लागणं'. पाणी गार लागतं, कापड मऊ लागतं, ऊन लागतं, तहान लागते. मला गार लागतं, मला जाणवतं, मला आवडतं. या सगळ्या वाक्यांत मी काहीच करत नाही, गोष्ट माझ्यापर्यंत येते. 'लक्ष केंद्रित करा' म्हटलं की कपाळावर आठ्या चढतात. 'काय लागतंय हाताला, बघा' म्हटलं की हात सैल पडतो. हे मी आज स्वतःवरच वीस-पंचवीस वेळा करून पाहिलं. फरक खांद्यांत कळतो.

मग पोताच्या शब्दांची यादी करायला बसले: खरखरीत, गुळगुळीत, लुसलुशीत, सुळसुळीत, बुळबुळीत, राठ, तलम, दमट, चिकट, भुसभुशीत. आणि अंगाच्या आतले: झिणझिण्या, मुंग्या, शहारा, चुणचुण, हुळहुळणं, फुरफुरणं, जडपणा, पोकळी, कळ, ठणका. संवेदनेला नेमका शब्द मिळाला की ती क्षणभर जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे. पण दर दहा सेकंदांना एक नवा शब्द फेकला तर ऐकणारा शब्दकोश चाळत बसेल. एका मुद्रणात असे तीन शब्द, जास्त नकोत.

१९ जानेवारी

आज वेगाचा प्रयोग. हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

केस असलेल्या त्वचेत, म्हणजे दंड, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, पाठ, चेहरा इथे सी-टॅक्टाइल नावाचे बारीक चेतातंतू असतात. त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं चरबीयुक्त, आवरण नसतं, त्यामुळे त्यांचा संदेश सेकंदाला साधारण १ मीटर इतक्या रमतगमत चालीने जातो. कुठे, काय, किती जोरात लागलं हे सांगणारे जाड तंतू याच्या कित्येक पट वेगाने धावतात. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटाने दाखवलं, की मऊ ब्रश सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरवला तर हे सावकाश तंतू सगळ्यात जास्त जागे होतात, आणि लोकही त्याच वेगाला सगळ्यात जास्त 'बरं वाटलं' म्हणतात. त्याहून हळू किंवा त्याहून भरभर, दोन्हीकडे तंतूंचा प्रतिसाद आणि बरं वाटणं एकत्रच उतरतं. ब्रश त्वचेइतकाच कोमट असला तर आणखी चांगलं.

त्याआधी, २००२ मध्ये, एका अशा स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता जिचे स्पर्शाचे जाड तंतू आजाराने गेले होते. तिच्या हातावरून हळू ब्रश फिरवला की तिला काहीतरी अंधूकसं, पण बरं वाटणारं जाणवायचं. तळहातावर तेही नाही. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते. 'कुठे' आणि 'काय' हे दोन्ही पुसलं गेलं, तरी बरं वाटणं उरलं होतं.

तर प्रयोग. मनगटाच्या रेषेपासून कोपराच्या घडीपर्यंत माझा हात २४ सेंटिमीटर भरला. त्यावर पेनाने दर ३ सेंटिमीटरवर एक बारीक टिंब काढलं. मोबाईलवर मेट्रोनोम, मिनिटाला ६० ठोके. एका ठोक्याला एक टिंब, म्हणजे पूर्ण हात आठ ठोक्यांत. ब्रश रुंद आणि मऊ केसांचा.

पहिल्यांदा पूर्ण हात एका सेकंदात फिरवला. पुसल्यासारखं वाटलं, जणू पीठ झटकतेय. मग उलट टोक: एवढंच अंतर ८० सेकंदांत. मुंगी चालल्यासारखं, मध्येच खाज सुटली आणि हात मागे घ्यावासा वाटला. मग आठ ठोके. तिसऱ्या टिंबापाशी खांदा आपोआप खाली आला. पाचव्यापाशी जबडा सुटला, आणि तो आवळलेला होता हे मला तेव्हाच कळलं. ब्रश कोपरापाशी पोचला तेव्हा मनगटावर अजून हलकी हुळहूळ शिल्लक होती. एखाद्याने खोली सोडल्यावर त्याची चाहूल रेंगाळते, तशी.

आठ ठोके म्हणजे किती सावकाश, याची आपल्याला कल्पनाच नसते. नवऱ्याला न मोजता "हळू फिरव" म्हटलं तर त्याने तीन सेकंदांत काम उरकलं, आणि त्याच्या मते ते फारच हळू होतं.

मुद्रण क्रमांक ३ याच आठ ठोक्यांवर बांधायचं. आवाजात मोजणी नको, पण वाक्यांची लय तीच.

२० जानेवारी

छोटी नोंद. तोच ब्रश, तोच वेग, पण हात माझा आणि ब्रश नवऱ्याच्या हातात. कितीतरी गहिरं. स्वतःच्या हालचालीचा स्पर्श कसा येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो आणि ती संवेदना मंद करतो. म्हणूनच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. १९९८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांतून यात लहान मेंदूचा वाटा दाखवला गेला. एकट्याने ऐकणाऱ्यांसाठी यावर तोड काढली पाहिजे: डोळे मिटून, उलट्या हाताने, नेहमीपेक्षा वेगळ्या दिशेने. थोडा अंदाज चुकवायचा.

२६ जानेवारी

पाण्याचं मुद्रण, क्रमांक ४. कोमट पाण्याच्या भांड्यात हात ठेवायचा. पहिल्या क्षणाला काय सुरेख असतं ते. ऊब आधी बोटांच्या टोकांना, मग बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटाभोवती पाणी जिथे संपतं तिथे एक बारीक कडं. आणि दोन-तीन मिनिटांत सगळं नाहीसं. पाणी थंड झालेलं नसतं. त्वचा त्या तापमानाला सरावते. साधारण ३० ते ३६ अंश सेल्सिअसमध्ये तर ही सरावण्याची क्रिया जवळजवळ पूर्ण होते, ना गार लागत ना गरम. त्वचेतले तापमान ओळखणारे तंतू बदलाला जोरात उत्तर देतात, स्थिर अवस्थेला अगदी कमी.

सुख 'संपतं' तेव्हा आपण सहसा अजून मागतो: अजून गरम, अजून जोरात, अजून जास्त. या पट्ट्यात त्याची गरज नाही. बोटं किंचित हलवली की पाण्याचा थर बदलतो आणि ऊब परत येते. हात दोन श्वास बाहेर काढून पुन्हा बुडवला तर जवळजवळ पहिल्यासारखीच. मसुद्यात हे असं घातलं: "नाहीसं झालं का? बोटं जराशी हलवून बघा." एवढंच. दोघांनी कळवलं की हे वाक्य त्यांना दिवसभर आठवत राहिलं.

२ फेब्रुवारी

मावशीने मुद्रण क्रमांक १ ऐकलं. ते पावलांपासून सुरू होतं. वय ६८, बरीच वर्षं मधुमेह. संध्याकाळी तिचा फोन आला.

"अगं, तू तळपायाला जमीन कशी लागते बघा म्हणालीस. मला नाही लागत काही. कापसावर पाय ठेवल्यासारखं असतं. मग मी बसून राहिले तशीच."

मला वाईट वाटलं. मधुमेहात लांब चेतातंतू आधी दुबळे होतात, म्हणून बधिरपणा पावलांपासून चढतो, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी सगळ्यांना पावलांपासूनच सुरुवात करायला लावली. कारण एवढंच, की तशी पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बसले. पावलं सोडून दिली आणि ओठांपासून सुरुवात केली. ओठांवरून येणारा-जाणारा श्वास, वरच्या ओठाला गार, खालच्याला कोमट. मग गाल, मग बोटांची पेरं एकमेकांवर हळू घासून. शरीरावर संवेदना सारखी वाटलेली नसते. अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्येच मोजून दाखवलं होतं, की त्वचेवर एकदम टेकवलेली दोन टोकं बोटांवर अगदी जवळ असली तरी वेगळी ओळखता येतात, पाठीवर मात्र ती बरीच लांब न्यावी लागतात. बोटांच्या टोकांवर हे अंतर २ ते ३ मिलिमीटर असतं आणि पाठीवर सुमारे ४० मिलिमीटर. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या मेंदूच्या नकाशातही ओठ आणि हात यांनी त्यांच्या आकाराच्या मानाने अवाढव्य जागा व्यापलेली आहे.

मावशी पेरं घासता घासता थांबली. "हे बघ, इथे माझी कातडी अगदी कागदासारखी झालीय. आणि या बोटाला अजून मऊ आहे." मग बराच वेळ बोललीच नाही. अंगठा त्या मऊ बोटावरून फिरत होता, सावकाश, न सांगताच.

बदल: मुद्रण क्रमांक १ ची सुरुवात आता ऐकणारा निवडेल: ओठ, हात किंवा पावलं. आणि पाण्याच्या मुद्रणाच्या आधी स्पष्ट सूचना: पायांत किंवा हातांत बधिरपणा असेल तर पाणी किती गरम आहे हे त्या भागाने तपासू नका, कोपराने किंवा दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. बधिर त्वचा भाजलेलं सांगत नाही.

५ फेब्रुवारी

गटातल्या एकाचा निरोप: श्वासावर लक्ष नेलं की त्याची छाती धडधडायला लागते आणि मग दिवसभर नाडीच मोजत बसतो. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून बरं झालं.

शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्यासाठी 'इंटेरोसेप्शन' हा शब्द वापरतात. त्याचं मूळ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या १९०६ मधल्या लेखनात आहे. ती मोजायची एक जुनी रीत रायनर शांड्री यांची, १९८१ ची: नाडीला हात न लावता ठरावीक वेळात हृदयाचे ठोके मनात मोजायचे, आणि ते यंत्राच्या मोजणीशी ताडून बघायचे. पण आतलं जास्त कळणं म्हणजे जास्त सुखी असणं, असं समीकरण नाही. घाबरलेल्या माणसाचं लक्ष शरीरावरच असतं. फरक ते लक्ष कशा जातीचं आहे यात आहे. धडधड हा धोका आहे का, असं विचारणारं लक्ष वेगळं. आणि ती कुठे लागते, डावीकडे की मध्ये, कपड्याला हलवते का, असं बघणारं लक्ष वेगळं. ज्याला पहिलंच येतं त्याला दुसरं हुकमाने आणता येत नाही.

म्हणून त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी, आठही मुद्रणांत एक बाहेरची वाट ठेवली. डोळे उघडे ठेवले तरी चालेल. श्वास नको असेल तर हातातल्या वस्तूचा पोत घ्या. तोही नको तर खोलीतला सगळ्यात लांबचा आवाज. कधीही उठलात तरी चालेल. ज्यांच्या अंगावर पूर्वी काही ओढवलं आहे त्यांना डोळे मिटून आत जायला सांगणं कधीकधी जाच ठरतं. अशांनी हे जाणत्या उपचारकाच्या सोबतीने करावं, हेही सुरुवातीलाच सांगितलं आहे. त्याला गुळगुळीत दगड हातात धरून ऐकायला सांगितलं. चार दिवसांनी कळवलं, दगड आवडला.

११ फेब्रुवारी

चवीचं मुद्रण. एक मनुका घेऊन ती पहिल्यांदाच पाहतोय अशी पाहायची, हा सराव कबाट-झिन यांच्या अभ्यासक्रमातून सगळीकडे गेला. चांगला आहे. मी त्यात एक भर घातली: नाक चिमटीत धरून चावायला सुरुवात करा, पाच-सहा वेळा चावून झालं की चिमूट सोडा. गोड-आंबट तेवढं आधी होतं, आणि सोडताक्षणी उरलेलं सगळं घशामागून नाकात उसळून येतं. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा आहे, हे सांगायची गरजच उरत नाही. बहीण दचकून हसली. बाकी यावर विशेष काम नाही.

१५ फेब्रुवारी

जोडप्यासाठीचं मुद्रण, क्रमांक ७. यावर मी सगळ्यात जास्त कचरले होते, आणि आता हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नियम सुरुवातीलाच, साध्या शब्दांत. हात, पाठ, चेहरा, केस एवढंच. १० मिनिटं एकाने, मग १० मिनिटं दुसऱ्याने. यातून पुढे काही घडायचं नाही, हे दोघांनी आधी एकमेकांना मोठ्याने सांगायचं. घेणाऱ्याने 'थांब', 'हळू', 'इथे नको' कधीही म्हणायचं, कारण द्यायचं नाही. देणाऱ्याने कारण विचारायचं नाही. आणि देणाऱ्यासाठी एक उलटी वाटणारी सूचना: समोरच्याला खूश करायला स्पर्श करू नका, तुमच्या हाताला काय लागतंय ते बघायला करा.

दोघांशी रात्री बोलणं झालं. ती म्हणाली, "ताई, बारा वर्षं झाली लग्नाला, याचा तळहात मधोमध इतका ऊन असतो हे मला आज कळलं." तो जरा गप्प होता. मग म्हणाला की तो सवयीने विचारत राहिला, "आवडतंय का? असं बरं का?" त्यावर तिने जे सांगितलं ते मी तसंच उतरवून घेतलं: "तू विचारलंस की मला पाठीतून बाहेर यावं लागतं, उत्तर शोधायला. मग परत आत जायला वेळ लागतो."

१२ जानेवारीला बहिणीच्या पायांपाशी मी नेमकी हीच चूक केली होती. माझ्या आवाजातला 'सुखद' आणि त्याचा 'आवडतंय का', दोन्ही प्रेमापोटी आलेले, आणि दोन्हींनी माणसाला अंगातून बाहेर काढलं.

मुद्रणात वाक्य घातलं: "विचारायची इच्छा झाली तर ती हातात ठेवा. हात आणखी थोडा सावकाश करून बघा." त्यांनी परवा पुन्हा केलं. या वेळी त्याने विचारलं नाही. ती तिच्या १० मिनिटांत झोपली, आणि तो हात न काढता तसाच बसून राहिला.

२२ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रणाचे तीन दिवस. पंखा बंद करून, उशांच्या मध्ये माईक ठेवून. मुख्य अडचण शांततेची. वाक्यांमध्ये मी चार सेकंद सोडले होते आणि मला ते पुष्कळ वाटत होते. ऐकणाऱ्या सगळ्यांची एकच तक्रार: जरा काही लागायला लागतं की तू बोलतेस. मोजून पाहिलं. वाक्य ऐकायचं, अवयव सापडायचा, तिथे काहीतरी जाणवायचं, आणि मग त्यात थोडं राहायचं, याला मला स्वतःला १५ ते २० सेकंद लागतात. सगळ्या शांतता तेवढ्या केल्या. मजकूर जवळपास निम्मा कापावा लागला. आवडती वाक्यंही गेली.

श्वासाच्या मुद्रणात सोडलेला श्वास लांब ठेवला. श्वास घेताना हृदय किंचित वेगाने चालतं, सोडताना मंदावतं; सोडणं लांबलं की हा मंद भाग लांबतो. पण मोजून सोडायला सांगितलं की तो कामाला जुंपल्यासारखा होतो. त्याऐवजी: "श्वास संपेपर्यंत त्याच्यासोबत जाऊन बघा." बहुतेकांचा आपोआप लांबतो.

४ मार्च

आठवं मुद्रण, पांघरुणाचं. रात्री झोपताना ऐकायचं. पांघरुणाचं वजन आधी पायांच्या बोटांवर, मग गुडघ्यांवर, मग पोटावर श्वासासोबत वरखाली होणारं. कापड जिथे त्वचेला लागतं आणि जिथे मध्ये थोडी हवा राहते, त्या दोन जागांमधली ऊब वेगळी असते. मी हे लिहिण्यासाठी सहा रात्री बघत होते, आणि पाचव्या रात्री मला ती हवेची जागा पहिल्यांदा सापडली, डाव्या पोटरीमागे.

शेवटी एक वाक्य होतं: "ही ऊब मनात साठवून ठेवा." ते मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "साठवायची कशाला? उद्या परत आहेच की पांघरूण."

वाक्य काढलं. त्याआधीचं "पोटरीमागे काय लागतंय, बघा" हेच आता शेवटचं. त्यानंतर ९० सेकंदांची शांतता ठेवली आहे आणि मग फाईल आपोआप बंद होते. आठही फाईली आज सगळ्यांना पाठवल्या.